कोपऱ्यातली पांढरी रेघ

डोळे मिटा. नाही, थांबा. मिटलेत तर वाचाल कसं? उघडेच ठेवा आणि मनातल्या मनात एक वही आणा.

ही वही एकट्या तुमच्याकडे नाही. तीच वही, जशीच्या तशी, हजारो घरांत आहे. एका घरी कुणी ओळ लिहिली की सगळ्या घरांतल्या वह्यांत ती उमटते. खोडरबर चालत नाही. पान फाडता येत नाही. मोठी माणसं या वहीला ब्लॉकचेन म्हणतात आणि म्हणताना जरा ताठ बसतात.

आता या वहीत चित्र ठेवायचं नाही, चित्र उगवणारा प्रोग्रॅम ठेवायचा. कुणी चित्र मागितलं की वही आपणहून एक लांबलचक आकडा काढते. तो आकडा म्हणजे बी, आणि प्रोग्रॅम म्हणजे माती. बी पडलं की चित्र उगवतं. ते कसं उगवेल, हे माती तयार करणाऱ्यालाही आधी ठाऊक नसतं.

जमलं? मग एकच कल्पना आणखी. असा प्रोग्रॅम तुमच्या आईने वर्षभर खपून लिहिला. ती तो वहीत चढवायला गेली, तर तिथे तो आधीच चढलेला होता. दुसऱ्याच कुणाच्या खात्यावर.

मुंगीवर नेमकी हीच वेळ आली होती.

मुंगी हे तिचं घरातलं नाव. इवलीशी होती आणि एका जागी बसत नसे, म्हणून. त्या दिवशी दुपारी ती वहिनींच्या कचेरीत आली तेव्हाही खुर्चीवर बसली, उठली, खिडकीशी गेली, परत आली आणि उभ्यानेच म्हणाली, "चोर पकडायचे किती घेता?"

टेबलामागच्या बाईंना सगळी गल्ली वहिनी म्हणे, कारण त्यांचे धाकटे दीर दिवसभर त्यांना तशी हाक मारत. शोध घेणं हा वहिनींचा धंदा. दीर, म्हणजे भाऊजी, गोदामातून निवृत्त झालेले. चहा करणं, दार उघडणं आणि चुकीचे अंदाज बांधणं ही त्यांची कामं. तिन्ही ते मन लावून करत.

"चोर कोण आहे त्यावर ठरतं," वहिनी म्हणाल्या. "काय चोरीला गेलंय?"

"आईचा प्रोग्रॅम. आणि आई म्हणते मामाने चोरला. मामाने नाही चोरला. पण आईने त्याला सांगितलंय, माझ्या घराची पायरी चढू नकोस. आणि उद्या सकाळी प्रदर्शन आहे, आणि त्याच्याआधी आई संगणकातलं सगळं पुसून टाकणार आहे, आणि पुन्हा कधी काही करणार नाही म्हणते." हे सगळं तिने एका श्वासात सांगितलं.

"मामाने नाही चोरला, हे तुला कसं माहीत?" भाऊजींनी विचारलं.

"मामा खोटं बोलला की त्याला उचकी लागते."

"हा पुरावा कोर्टात चालणार नाही बरं का."

"मी कोर्टात कुठे आलेय? मी तुमच्याकडे आलेय."

वहिनींनी चपला पायात सरकवल्या. "भाऊजी, छत्री राहू दे, वारं आहे. चला."

*

वारं खरंच होतं. मुंगीच्या घरातली खिडकी सारखी आपटत होती. मुंगीची आई उठून ती लावत होती, गुदमरल्यासारखं वाटलं की पुन्हा उघडत होती.

ती बाई मूळची शास्त्रज्ञ. प्रयोगशाळेत तिने कितीतरी वर्षं फुलांचे परागकण पाहण्यात घालवली होती, म्हणून ओळखीचे लोक तिला परागबाई म्हणत. पुढे डोळ्यांनी दगा दिला. भिंगाला डोळा लावून बसणं बंद झालं आणि नोकरीही सुटली. मग तिने मोठ्या पडद्याच्या संगणकावर नवीन काम सुरू केलं. कुठल्याच झाडावर नसलेले परागकण उगवणारा प्रोग्रॅम लिहिला.

तिने टेबलावर काही चित्रं मांडली. भाऊजी वाकून बघू लागले. काटेरी गोळे, जाळीदार गोळे, खोबणी पडलेले गोळे. काही चित्रांत अख्खा कण, तर काहींत नुसते काटे, जणू नाक लावून पाहतोय. एक गोळा मात्र चेपलेला, अर्धे काटे गळालेला.

"हा बिघडलाय वाटतं," भाऊजी म्हणाले.

"बिघडलेला नाही, तसाच उगवलेला. मधूनमधून येतात असे." परागबाई पहिल्यांदाच जरा स्थिर झाली. "खऱ्या फुलातही येतात. वेडावाकडा निघाला म्हणून नमुना फेकून दिला, तर तुम्ही फूल बघत नाही, स्वतःची आवड बघता. प्रयोगशाळेत हेच शिकले."

"आणि ही रेघ?" वहिनींनी बोट ठेवलं. प्रत्येक चित्राच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक छोटी पांढरी रेघ होती.

"ती माझी आहे!" मुंगी मध्येच घुसली. "आईच्या मांडीवर बसून पडद्यावर मी काढली. आईने तेवढीच ठेवली. सगळ्या चित्रांत तेवढीच."

"कोपरा रिकामा बघवत नव्हता," परागबाई म्हणाली. "हिने भरला."

"चोराची चित्रं आहेत?"

"हवी तेवढी. लोक त्याच्या प्रोग्रॅममधून चित्रं घेतायत, ती कुणालाही दिसतात." तिने दुसरा गठ्ठा ढकलला. "नावाच्या जागी नुसती अक्षरांची आणि आकड्यांची माळ आहे. माणूस कोण, कळायला मार्ग नाही. आणि लोक मलाच विचारतात, वहीत जो आधी, तो खरा ना? मग तू कशी नंतर आलीस?"

भाऊजींनी दोन्ही गठ्ठे शेजारी शेजारी ठेवले. तेच गोळे, त्याच जाळ्या. एक चेपका गोळा चोराच्या गठ्ठ्यातही होता. मग त्यांनी विजयी मुद्रेने मान वर केली.

"वहिनी, हे बघा. रेघ! मूळ चित्रांत सगळीकडे सारखी. चोराच्या चित्रांत कुठे आखूड, कुठे लांब. गडी घाईत होता. साधी रेघ सारखी काढता आली नाही त्याला."

"छान पाहिलंत," वहिनी म्हणाल्या. भाऊजींना हे कौतुक वाटलं, आणि ते होतंही. फक्त निम्म्याचं.

"कुणाकुणाकडे होता प्रोग्रॅम?" वहिनींनी विचारलं.

"तिघांकडे. माझा भाऊ, तो संगणकाचंच काम करतो. चढवणार तोच होता. चित्रदालनाचे मालक, त्यांना मोठ्या पडद्यावर लावून बघायचं होतं. आणि डॉक्टर, प्रयोगशाळेतले माझे जुने सहकारी, त्यांना काटे बरोबर आलेत का ते तपासायला दिला होता." तिने खिडकी पुन्हा लावली. "भाऊ रोज म्हणायचा, थांब ताई, अजून तपासतोय. थांब, थांब. आणि तेवढ्यात कुणीतरी चढवला. डॉक्टरही म्हणाले, भावालाच विचार. तूच सांग... तुम्हीच सांगा, मी काय समजायचं?"

वहिनी भिंतीकडे वळल्या होत्या. तिथे चौकटीत तीन जुने फोटो होते, एकाच परागकणाचे, एकाहून एक जवळून घेतलेले. खाली पेनाने भिंगाचा आकडा लिहिलेला. आणि कोपऱ्यात, भाऊजींच्या लक्षात आलं, तशीच एक पांढरी रेघ. पहिल्या फोटोत आखूड, दुसऱ्यात लांब, तिसऱ्यात आणखी लांब.

"हे तुमचे?"

"आमचे. डॉक्टर आणि मी, खिडकीजवळचा मायक्रोस्कोप. दुसरं कुणी त्याला हात लावत नसे, फार लहरी होता. त्याच्या सगळ्यात मोठ्या भिंगावर आकडा असायचा एक, आणि ते मोठं करून दाखवायचं त्याहून थोडं कमी. त्याचा खोटेपणा सांभाळून घ्यायची सवयच लागली होती आम्हा दोघांना." ती हसली, आणि हसल्याचं आठवून पुन्हा खिडकीशी गेली.

"मुंगी," वहिनी म्हणाल्या, "शाळेची कंपासपेटी आहे ना? कर्कटक आण. आणि पट्टी."

*

मामा संगणक दुरुस्तीच्या एका अरुंद दुकानात बसत असे. दाढी वाढलेली, समोर उघडलेली चार यंत्रं, त्यातल्या एकाचाही स्क्रू धड लागत नव्हता.

"ताईने पाठवलं?" त्याने घाईने विचारलं.

"भाचीने," भाऊजी म्हणाले.

मामाचा चेहरा पडला आणि उजळलाही. "मी थांब म्हणत होतो, कारण जुन्या फोनवर तो प्रोग्रॅम अडकायचा. एकदा चढला की चढला. नंतर शेपूट कापता येत नाही. म्हणून रोज चालवून बघत होतो."

"त्या रेघेबद्दल काय वाटतं तुम्हाला?" वहिनींनी विचारलं.

"कुठली? कोपऱ्यातली? ती काढून टाक म्हणून मी ताईच्या डोक्याशी किती कटकट केली! चित्रात तिचं काही काम नाही. पण कन्यारत्नाने काढलेली ना ती. बालहट्टापुढे प्रोग्रॅमरचं कोण ऐकतं?"

त्याला उचकी लागली नाही. भाऊजींनी नीट लक्ष ठेवलं होतं.

चित्रदालनाचे मालक मात्र मोठ्या पडद्याखाली इकडून तिकडे फेऱ्या मारत होते. दोन माणसं शिडीवर चढून दिवे फिरवत होती आणि मालक त्यांना खालून ओरडत होते.

"उद्या सकाळी लोक येणार आणि मी पडद्यावर काय लावू? हिचं लावलं तर म्हणतील चोरीचं. त्या अनोळखी माणसाचं लावलं तर ही रडेल. माझी झोप उडालीय हो!"

"चित्रं कशी वाटली?"

"अप्रतिम. फक्त ते चेपके गोळे नकोत. शंभरदा सांगितलं, बाई, हे वेडेवाकडे गाळून टाका, भिंतीवर शोभत नाहीत. ऐकत नाही. शास्त्रज्ञ ना, हट्टी."

"आणि खालची रेघ?"

"ती सही हो तिची! नाव लिहायचं नाही, रेघ मारायची. हल्ली चालतं असं. मला आवडली. सही कशी, कायम एका मापाची हवी."

परतताना भाऊजी म्हणाले, "वहिनी, दालनवाला. त्याला चित्रं आवडली, बाई हट्टी वाटली. झालं की."

"मग त्याने चोरलेल्या प्रोग्रॅममध्ये चेपके गोळे का ठेवले?"

भाऊजी थांबले. वाऱ्याने त्यांची टोपी उडाली. ती पकडायला धावल्यामुळे उत्तर द्यायचं राहून गेलं, आणि ते बरंच झालं.

*

डॉक्टर स्वतःच कचेरीत आले. उंच, नीटनेटके. बसण्याआधी त्यांनी खुर्ची टेबलाशी काटकोनात आणली, मग त्यांचं लक्ष भिंतीवरच्या गल्लीबोळांच्या नकाशाकडे गेलं.

"हा कुणी काढलाय?"

"मी," भाऊजी फुलले.

"सुबक आहे. पण प्रमाण कुठे दिलंय? ही गल्ली किती लांब, ते समजायचं कसं?"

"चालत गेलं की समजतं," भाऊजी म्हणाले आणि चहाच्या आधणाकडे वळले. त्या दिवशी डॉक्टरांच्या चहात साखर कमी पडली.

"तुम्ही परागबाईंचा प्रोग्रॅम तपासलात," वहिनी म्हणाल्या.

"काटे तपासले. काटे ज्या वळणाने फिरतात त्याचं गणित आहे. ते आम्ही दोघांनी मिळून शोधलं होतं. बरोबर वापरलंय तिने."

"तो वहीत चढवणं अवघड असतं का हो? आम्हाला यातलं काही कळत नाही."

"फारसं नाही. आमचे विद्यार्थी हल्ली मोजमापंसुद्धा तिथे ठेवतात. मागाहून कुणाला फेरफार करता येऊ नये म्हणून." डॉक्टरांनी कप बशीच्या बरोबर मध्यावर ठेवला. "तिचा भाऊ हुशार आहे. पण स्वतःच्या बहिणीशी असं वागावं... वाईट वाटतं."

"आणि कोपऱ्यातली ती रेघ? तिच्याबद्दल काय मत?"

"रेघ?" डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. "कुठली रेघ? माझं लक्ष नाही गेलं."

ते गेल्यावर वहिनी बराच वेळ नकाशाकडे बघत राहिल्या.

"काय शोधताय त्यात?" भाऊजींनी विचारलं.

"प्रमाण."

"तुम्हीसुद्धा? बरं बाई, उद्या टाकतो."

जमिनीवर मुंगी पालथी पडली होती. पाय हवेत हलत होते, पण हात स्थिर होते. कर्कटकाची दोन टोकं चोराच्या चित्रातल्या काट्यावर ठेवायची, मग रेघेवर, मग पट्टीवर. आईने आणू दिलेले भिंतीवरचे तीन फोटोही शेजारी होते. मापं घेताना ती पुटपुटत होती. मध्येच तिने डोकं वर केलं.

"काकू, इथे काटा दुप्पट जाड झाला की रेघ दुप्पट लांब होते. दरवेळी."

"दरवेळी?"

"हो. फक्त सगळ्यात जवळच्या चित्रांत नाही. तिथे रेघ थोडीशी कमी पडते. माझं चुकलं का?"

"पुन्हा मोज," वहिनी म्हणाल्या.

तिने पुन्हा मोजलं. रेघ पुन्हा तेवढीच कमी पडली. तेव्हा वहिनींनी पहिल्यांदा पाठ टेकली.

*

सकाळी चित्रदालनात दिवे लागले होते, पण मोठा पडदा काळाच होता. मालक घड्याळ बघत होते. परागबाई संगणक छातीशी धरून उभी होती. डॉक्टर एका कोपऱ्यात होते. मामाला भाऊजींनी ओढून आणलं होतं. तो दाराच्या चौकटीतच थांबला, आत यायची परवानगी नसल्यासारखा. बहीण त्याच्याकडे बघत नव्हती. मुंगी आईकडून मामाकडे, मामाकडून आईकडे येरझाऱ्या घालत होती.

"बाई, पटकन काय ते बोला," मालक म्हणाले. "बाहेर लोक यायला लागलेत."

"पटकनच सांगते," वहिनी म्हणाल्या. "चोराने प्रोग्रॅम जसाच्या तसा उचलला. बदलली एकच गोष्ट, ही रेघ. आमचे भाऊजी म्हणाले, चोराला रेघ सारखी काढता आली नाही. मलाही आधी तसंच वाटलं. पण चूक असती, तर ती कशीही चुकली असती. ही नियमाने लांब होत होती. चित्र जितकं जवळून, तितकी रेघ मोठी. मुंगीने मोजून पाहिलंय."

"दोनदा," मुंगी म्हणाली.

"म्हणजे ती रेघ घाईची नाही, काळजीची आहे. भाऊजी, तुमच्या नकाशात काय नव्हतं?"

"प्रमाण," भाऊजी म्हणाले आणि एकदम थबकले. "अरे! ती रेघ म्हणजे..."

"मापपट्टी. मायक्रोस्कोपच्या फोटोत कोपऱ्यात अशी रेघ काढतात. ही रेघ म्हणजे अमुक इतकं, आता त्यावरून कणाचा आकार ओळखा. फोटो जवळचा असेल तर रेघ लांब काढावी लागते. परागबाईंच्या भिंतीवरचे तीन फोटो आठवा. तिथेही ती वाढत जाते."

"पण मग बाईंची रेघ सारखीच का?" मालकांनी विचारलं.

वहिनींनी परागबाईकडे पाहिलं.

"कारण हे पराग कुठल्याच फुलाचे नाहीत," परागबाई हळू आवाजात म्हणाली. "जे नाहीच, त्याचं माप देणं खोटं झालं असतं. पण इतकी वर्षं तो कोपरा कधी मोकळा सोडला नव्हता. म्हणून मुंगीची रेघ ठेवली. ती काही मोजत नाही."

"आता तिघांकडे बघू. मामा ती रेघ काढून टाका म्हणत होते. त्यांनी चोरला असता, तर रेघच गेली असती. मालकांना ती सही वाटते, एका मापाची हवी म्हणतात. त्यांनी तिला हात लावला नसता. उलट चेपके गोळे गाळून टाकले असते, पण ते तर जागच्या जागी आहेत. चोर असा माणूस आहे, ज्याला वेडावाकडा नमुना फेकवत नाही आणि चुकीची मापपट्टी बघवत नाही. त्याने चोरी केली, पण चुकीचं माप लिहायला त्याचा हात धजेना."

डॉक्टर म्हणाले, "मापपट्टी माहीत असणारे हजारो लोक आहेत."

"आहेत. पण प्रोग्रॅम तिघांकडेच होता. आणि तुम्ही मला म्हणालात, रेघेकडे लक्षच गेलं नाही. भाऊजींच्या नकाशावर नसलेलं प्रमाण तुम्हाला खुर्चीत बसायच्या आधी दिसलं, डॉक्टर. आयुष्यभर ज्या कोपऱ्यात आधी बघितलं, तिथली रेघ दिसली नाही?"

"हा काही पुरावा नाही."

"नाही," वहिनींनी कबूल केलं. "मुंगी, तू काय म्हणालीस काल? सगळ्यात जवळच्या चित्रांत काय होतं?"

"रेघ थोडीशी कमी पडते."

"परागबाई, तुमच्या त्या लहरी मायक्रोस्कोपचं मोठं भिंग कमी दाखवायचं. मग तुम्ही काय करायचात?"

"रेघ तेवढी आखूड काढायचो," परागबाई म्हणाली. "आमच्याकडे रेघ काढायचा प्रोग्रॅमचा एक तयार तुकडा होता, त्यातच ते बसवलं होतं..." ती थांबली. मग डॉक्टरांकडे वळली.

"तिसऱ्या फोटोत भिंगाचा आकडा मोठा, पण रेघ त्या हिशेबाला जितकी कमी, तितकीच चोराच्या सगळ्यात जवळच्या चित्रांत कमी," वहिनी म्हणाल्या. "चोराने तो तयार तुकडाच उचलून इथे चिकटवला. सवयीने. पण इथे भिंग कुठे आहे? हवं तर नाकबूल करा, डॉक्टर. फक्त एवढं सांगा, नसलेल्या भिंगाचा खोटेपणा चोराला कुणी शिकवला? त्या मायक्रोस्कोपला दोघांशिवाय कुणी हात लावत नसे. त्यातल्या एकीचं तर चोरीला गेलंय."

शिडीवरच्या माणसांनीही हात थांबवले होते.

"ते काट्यांचं गणित आपलं दोघांचं होतं," डॉक्टर अखेर म्हणाले. वहिनींना नाही, परागबाईला. "प्रयोगशाळेत नाव आधी माझं यायचं, मग तुझं. इथे तुझं एकटीचं येणार होतं. मला वाटलं, वहीत एकदा नोंद झाली की... निदान मला तरी ठाऊक असेल."

"नुसतं विचारलं असतंत तर मी तुमचं नाव शेजारी लिहिलं असतं," परागबाई म्हणाली. "आनंदाने. तुम्ही माझ्या भावाचं नाव पुढे केलंत."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि घालायचा विसरले.

"ती नोंद आता पुसता येत नाही," ते म्हणाले.

"पुसायला कोण सांगतंय?" वहिनी म्हणाल्या. "त्याच खात्यावरून खाली लिहा, हा प्रोग्रॅम कुणाचा ते. तेही पुसता येणार नाही."

डॉक्टरांनी तिथेच उभ्या उभ्या फोनवर लिहिलं. मालकांनी स्वतःच्या फोनवर वही उघडून ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि दिवेवाल्यांवर ओरडले, "बघत काय बसलात? पडदा लावा!" डॉक्टर कुणाला न सांगता निघाले. दारात मामाने अंग चोरून त्यांना वाट दिली.

मामा मात्र अजून चौकटीतच होता.

"ये की आत," परागबाई म्हणाली. "की हाताला धरून आणायला हवं?"

"पायरी चढू नकोस म्हणालीस."

"घराची म्हणाले होते. इथे पायरी कुठाय?"

"आहे एक," मामा म्हणाला. आणि खरंच होती. तो ती चढून आत आला.

"मूळ प्रोग्रॅम चढवायचा ना, ताई?" त्याने संगणकाकडे हात केला. "तपासून झालाय. जुन्या फोनवरही चालतो."

"चढवू. पण ती रेघ आता नको वाटते. ताणलेली बघितली, मन उडालं. मुंगी, नवीन काढ एक." परागबाईने पडद्यावर लिहायचं पेन पुढे केलं.

मुंगीने पेन घेतलं. जीभ दातांत धरून कोपऱ्यात एक रेघ काढली, आधीच्याहून थोडी लांब, कारण आता ती स्वतः थोडी मोठी झाली होती. मग ती उठली आणि पेन मामाच्या हातात कोंबलं.

"तू पण काढ. माझ्या खाली."

"मी? मी तर ती काढून टाका म्हणत होतो."

"म्हणूनच," मुंगी म्हणाली. "आता तुझीही असेल, मग तुला म्हणता येणार नाही."

मामाने बहिणीकडे पाहिलं. तिने मान हलवली. त्याने पेन टेकवलं, पण रेघ वाकडी निघाली. तो घाईने पुसायला गेला.

मुंगीने त्याचा हात एका हाताने घट्ट धरला, वहिनींकडे बघून हसली, आणि मामाला हलू न देता दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने प्रोग्रॅम चढवायचं बटण दाबून टाकलं.